वाराहीची पारख : भुंग्याची आणि आपली

गाजर गवताच्या नियंत्रणासाठी १९८४ साली बंगळुरू येथे सोडलेला मेक्सिकन भुंगा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच पर्णभक्षी कुळातील दुसऱ्या एका भुंग्याची कथा मात्र थेट आपल्या द्रव्यगुणाशी निगडित आहे.

आपली वाराही, म्हणजे कडू करांदा (डायोस्कोरिया बल्बिफेरा), १९०५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात नेली गेली. तेथे तिला आवर घालणारा कीटक नव्हता. पानांच्या बेचक्यातील कंदिका गळून रुजत गेल्या आणि वेलीने वृक्षच्या वृक्ष झाकून टाकले. पुढे शास्त्रज्ञांना आशियात, नेपाळ व चीनमध्ये, लिलिओसेरिस चेनी हा तांबडा भुंगा तिची पाने खाताना आढळला. इतर अनेक वनस्पतींवर, वाराहीच्या सगोत्र वेलींवरही, त्याची परीक्षा घेण्यात आली. परंतु त्याच्या अळ्यांची पूर्ण वाढ वाराहीवरच झाली. ही खात्री पटल्यावरच २०११-१२ मध्ये तो फ्लोरिडात सोडला गेला. २०२१ मध्ये कंदिका खाणारा त्याचा सगोत्र भुंगाही त्याच्या मदतीस धाडण्यात आला.

एका अळीला जी पारख उपजत आहे, ती आपल्या खरेदी विभागात आहे काय? भावप्रकाशाने ऋद्धि-वृद्धीच्या अभावी वाराही घेण्यास सांगितले आहे. म्हणजेच च्यवनप्राशासारख्या योगांशीही तिचा संबंध येतो. प्रत्यक्षात काही प्रांतांत टॅक्का या सर्वस्वी भिन्न वनस्पतीचे कंदही वाराही म्हणून वापरले जातात. वाळवून काप केलेल्या कंदावर ना पान असते ना वेल. केवळ गोणीवरील नावावर विश्वास ठेवावा लागतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रशुद्धतेचा नाही. चीनमध्ये याच वाराहीच्या सेवनाने यकृतविकार झाल्याच्या नोंदी आहेत. द्रव्य कोणते, त्याची मात्रा किती आणि त्यावर संस्कार कोणता, हे निश्चित नसेल तर रुग्णाच्या हिताची हमी आपण कशाच्या आधारे देणार? औषधीचे नुसते नाम-रूप जाणणे पुरेसे नाही, तिच्या योजनेचे ज्ञान हवे, असे चरकाचार्य सांगतात. आपण तर नामापाशीच अडखळत आहोत.

फ्लोरिडात जी वेल नकोशी झाली, तीच आपल्याकडे कंदासाठी मुळासकट उपटली जाते. म्हणून औषधनिर्मात्यांना दोन विनंत्या आहेत. प्रत्येक खरेदीसोबत पाने व कंदिकांसह वेलीचा नमुना मागवावा आणि संकलनाचे ठिकाण नोंदवावे. तसेच कंद काढणाऱ्याने त्याच खड्ड्यात दोन कंदिका पुरून याव्यात, अशी अट घालावी. फ्लोरिडात त्या विनासायास रुजल्या. आपल्या डोंगरउतारावरही रुजतील. यासाठी शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.