शेत विकून भाड्याची घरे

पुणे शहर वाढत वाढत हडपसर, वाघोली, हिंजवडीच्या शिवारांत शिरले, तेव्हापासून जमीन विकून शहरात घरे घ्यावी व बसल्या जागी भाडे खावे, हा विचार पुष्कळ बागायतदारांच्या मनात घोळत आहे. पाऊस चुकला म्हणून भाडे चुकत नाही, हे खरे. परंतु या विचारात एक हिशेब राहून जातो, असे आम्हांस वाटते. इमारत वर्षानुवर्षे झिजते. भाव चढतो तो मुख्यत्वे तिच्याखालील जमिनीचा, आणि तीच तर आपण विकून बसलेलो असतो!

हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी निराळी वाट धरली. त्यांनी आपली सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढून जमिनीच्या प्रमाणात तीत भाग घेतले, आणि 2000 सालाच्या सुमारास मगरपट्टा नगर वसविण्यास स्वतःच आरंभ केला. नगर उभे राहिले आणि नफ्याचे धनीही तेच राहिले.

असा मेळ ज्यांस जमत नाही, त्यांनी एखादे घर अवश्य घ्यावे. मात्र ते भाड्याने देताना गावाकडील तोंडी शब्दावर विसंबू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अन्वये करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.