स्पॅम ओळखायला नुसती नजर पुरत नाही

ऑनलाइन समूह सांभाळणाऱ्या स्वयंसेवी नियंत्रकांनी स्पॅम शोधायची साधने मागितली, की दोन उत्तरे ठरलेली असतात. कंपनीची स्वयंचलित गाळणी आहेच, हे एक. स्वयंसेवकांच्या हाती जास्त अधिकार दिले तर ते मनमानी करतील, हे दुसरे. मला दोन्ही अमान्य आहेत.

गाळणी पुरेशी आहे असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लॉटरीचा मजकूर आणि भडक दुवा असतो. तसला स्पॅम गाळणी पकडते, यात वाद नाही. पण रेडिटवर चालत आलेला टी-शर्टचा प्रकार पाहा. एक खाते शर्टाचे छायाचित्र टाकते. दुसरे विचारते, ‘कुठे मिळाला?’ तिसरे दुवा देते. तिन्ही एकाच टोळीची. त्याआधी या खात्यांनी इतरांच्या जुन्या, गाजलेल्या प्रतिक्रिया उचलून नव्या चर्चांत चिकटवलेल्या असतात, म्हणजे खाते मुरलेले दिसावे. यातले एकेक वाक्य सुटे वाचले तर निर्दोष ठरते. लबाडी आहे ती खात्यांच्या आपसातल्या संगनमतात. नियंत्रकापुढे फक्त एक प्रतिक्रिया आणि ‘काढा’ एवढे बटण ठेवले, तर ते संगनमत त्याला दिसणार कुठून?

त्याला खात्याचा सार्वजनिक इतिहास एकत्र दिसला पाहिजे. तोच मजकूर, तोच दुवा आणखी कुठे आला, हे शोधता आले पाहिजे. एका समूहाने पकडलेले खाते दुसऱ्याला कळले पाहिजे. हे अशक्य नाही, कारण स्वयंसेवकांनीच अशी साधने बांधून दाखवली आहेत. नियमांनुसार मजकूर तपासणारा रेडिटचा ऑटोमॉडरेटर मुळात एका नियंत्रकाने लिहिला. कंपनीने तो 2015मध्ये आपल्या यंत्रणेत घेतला. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांवर ‘चारकोल’ या स्वयंसेवकांच्या गटाचा स्मोकडिटेक्टर नव्या पोस्टी तपासतो, संशयित पोस्ट चॅटमध्ये मांडतो, आणि तिथली माणसे खरा स्पॅम की चुकीचा इशारा हे नोंदवतात.

पण अशी साधने किती सहज थांबू शकतात, तेही दिसले. 2023च्या जूनमध्ये स्टॅक एक्स्चेंजचे अनेक नियंत्रक संपावर गेले, तेव्हा स्मोकडिटेक्टरही थांबला. त्याच सुमारास रेडिटने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या साधनांना माहिती पुरवणाऱ्या सोयीला, दर लावले. नियंत्रणाची साधने मोफत राहतील असे कंपनीने सांगितले, तरी बॉट खाती हुडकणाऱ्या ‘बॉटडिफेन्स’च्या स्वयंसेवकांनी काम गुंडाळले. कंपनीची गाळणी पुरेशी असती, तर या साधनांची गरजच पडली नसती.

अनुभवी नजरेला यंत्र कशाला, असेही कुणी म्हणतो. नोकरी आटोपून रात्री बसणाऱ्या माणसाची नजर थकते. टोळीचे बॉट थकत नाहीत. शिवाय ‘घरबसल्या कमवा’ हेच कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन अक्षरांत, कोणी मध्ये ठिपके घालून. ही सोंगे मराठी माणसाला कळतात, म्हणून नियम लिहिण्याची सोय त्याच्याच हाती हवी.

मनमानीची भीती मात्र खरी आहे, आणि तिला उत्तर दिलेच पाहिजे. ते विकिपीडियावर सापडते. तिथली गैरवापर गाळणी 2009पासून वापरात आहे. नवा नियम आधी अलीकडच्या संपादनांवर चालवून पाहता येतो. सुरुवातीला तो सहसा फक्त नोंद करतो, कोणाला अडवत नाही. पुढे तो कुठे कुठे लागू झाला याची नोंद राहते, म्हणून चूक दुसऱ्या प्रचालकाला (तिथल्या नियंत्रकाला) दिसते आणि सुधारता येते. नोंदणीकृत खात्यांमागचे आयपी पत्ते पाहण्याचा अधिकार मोजक्या सदस्यांना असतो. त्यांना गोपनीयतेचा करार करावा लागतो आणि त्यांची प्रत्येक तपासणी नोंदली जाते. अधिकार आणि हिशेब असे जोडीने देता येतात. उलट साधनेच नसलेला नियंत्रक काय करतो? नुसत्या संशयावर नवख्या सदस्याला बाहेर काढतो, आणि त्या निर्णयामागे तपासण्याजोगा पुरावा काहीच नसतो. मनमानीला खरे रान तिथे मोकळे मिळते.

म्हणून कंपन्यांनी नियंत्रणाच्या साधनांसाठी सार्वजनिक इतिहास विनामूल्य खुला राहील, हे सेवाशर्तींत लिहून द्यावे आणि त्यात बदल करण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी. ही मागणी एकट्या नियंत्रकांवर सोडू नका. तुम्ही ज्या समूहात रोज वाचता, लिहिता, तिथे ती करा.