पाहुणा कोण आणि उपरा कोण?

परदेशी माणूस कोणाला म्हणावे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सोपा आहे. घोटीच्या बाजारपेठेत तो तितकासा सोपा नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरचे, भाताच्या गिरण्यांचे हे गाव. इगतपुरी-घोटीच्या या पट्ट्यात विपश्यना केंद्राकडे जाणारा-येणारा गोरा साधक दिसतो. हमरस्त्यावरच्या हॉटेलांच्या भटारखान्यांत राबणारा नेपाळी आचारी दिसतो. आणि भातआवणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून आलेली, पोराबाळांसह पावसात भिजत मजुरी ठरण्याची वाट पाहणारी आदिवासी कुटुंबेही दिसतात. कायद्याने पहिले दोघे परदेशी आणि तिसरे स्वदेशी. गावाचा व्यवहार पाहिला, तर पहिला पाहुणा ठरतो, दुसरा कोणाच्या खिजगणतीत नसतो, आणि तिसऱ्याच्या वाट्याला आपल्याच जिल्ह्यात उपऱ्याचे जिणे येते. हा क्रम कोणी लावला, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी केला पाहिजे. कारण 'बाहेरच्यांना हाकला' ही आरोळी आज सर्वत्र स्वस्तात मिळते, आणि नेमके बाहेरचे कोण हे विचारण्याची तसदी ती देणारे कधीच घेत नाहीत.

प्रथम परदेशी साधकांविषयी. त्यांच्याबद्दल आकस धरण्याचे काहीही कारण नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालू आहेत. दहा दिवस मौन पाळून बसण्यासाठी जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात; शिबिराला शुल्क नाही, दानावर सारा कारभार चालतो. ज्यांनी ही परंपरा येथे रुजवली ते सत्यनारायण गोएंका यांचा जन्मही १९२४ सालचा ब्रह्मदेशातील मंडालेचा. १९६९ साली ते भारतात आले व शिकवू लागले. माणसाने सीमा ओलांडून शिकण्यासाठी, शांतीसाठी वा केवळ कुतूहलापोटी दुसऱ्याच्या देशात जावे, हे समाजवाद्यांना कधीच वर्ज्य नव्हते. पारपत्राविना माणसाला जगभर हिंडता यावे, हे डॉ. राममनोहर लोहियांचे स्वप्न होते. त्याच लोहियांना १९६४ साली, ते लोकसभेचे सदस्य असताना, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरी एका उपाहारगृहात कातडीच्या रंगापायी प्रवेश नाकारला गेला आणि अटकही झाली. परदेशी असणे ही एकच गोष्ट नसते, कोणाचा रंग कोणता आणि कोणाच्या खिशात काय यावर तिचा अर्थ बदलतो, हा धडा त्या घटनेत आहे.

या घाटमाथ्याला परदेशी माणूस नवाही नाही. १८६५ साली कसारा-इगतपुरी घाटातून रेल्वे सुरू झाली आणि इगतपुरीला रेल्वेची वसाहत उभी राहिली. इंग्रज व अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, फोरमन, अधिकारी तेथे राहिले. त्यांचे बंगले झाले, प्रार्थनामंदिरे झाली. ज्या मजुरांनी घाटातले बोगदे खोदले, पूल रचले आणि त्या कामात प्राण वेचले, त्यांची नावे कोणत्या दगडावर कोरली गेली? हवेशीर टेकडीवर राहणारा परका आणि टेकडीच्या पायथ्याशी राबणारा आपला, ही वाटणी त्या दिवसापासूनची आहे. साहेब गेला. वाटणी मात्र शाबूत राहिली.

आजच्या परदेशी पाहुण्याचे दैनंदिन जीवन कसे चालते? तो महिना-दोन महिने राहतो, खोली भाड्याने घेतो, रिक्षावाल्याने सांगितलेले भाडे फारशी घासाघीस न करता देतो, बाजारात केळी-पेरू घेतो, पाच-दहा मराठी शब्द शिकतो आणि त्यावर सारी आळी खूष होते. त्याच्या साधेपणाचे सर्वांना कौतुक वाटते. परंतु हे साधेपण त्याला परवडते कशामुळे? १९८० साली सुमारे ८ रुपयांना मिळणारा डॉलर २०२५ साली ८५ रुपयांच्या पुढे गेला. त्याच २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरली, म्हणजे चार डॉलरसुद्धा नव्हे. पाश्चात्त्य शहरातला माणूस ज्या रकमेत एक वेळ चहा-नाश्ता उरकतो, त्या रकमेत येथे एका बाईचा दिवसभराचा घाम विकत मिळतो. पाहुण्याच्या अंगी कोणताही दुष्टपणा नसताना हा सौदा होतो. विनिमयाचा दर हाच येथे शोषणाचा दलाल आहे. त्याला ना चेहरा ना दुकान, म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी घोषणा देत नाही.

हा प्रकार केवळ घोटीचा नाही. फिलिपीन्सच्या लहान लहान प्रांतिक गावांतून अमेरिकन, युरोपीय, ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतनधारक वर्षानुवर्षे राहतात. मायदेशी जेमतेम पुरणाऱ्या पेन्शनवर तेथे घर, मोलकरीण, माळी असा संसार थाटता येतो. तेथील सिनेटने १९९१ साली अमेरिकन तळांचा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी सुबिकचा नाविक तळ रिकामा झाला. डॉलरचा तळ काही हलला नाही. १९८७ च्या त्यांच्या राज्यघटनेने परदेशी व्यक्तीला जमीन विकत घेण्यास मनाई केली आहे, ही त्या देशाची शहाणी गोष्ट. पण १९७४ साली मार्कोसच्या हुकूमशाही राजवटीने कामगार कायदा करून आपलीच माणसे परदेशी मजुरीला पाठवण्याचे धोरण स्वीकारले. आज सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत. त्यांच्यातील कितीतरी आया, परिचारिका, खलाशी, घरगडी म्हणून राबतात. इंग्रजीची गंमत अशी की, मनिलाहून आखातात गेलेली मोलकरीण 'मायग्रंट' आणि अमेरिकेतून फिलिपीन्सच्या खेड्यात आलेला पेन्शनर 'एक्स्पॅट'! दोघेही घर सोडून परक्या देशात राहणारे. एकाला पोट घेऊन जाते, दुसऱ्याला डॉलर घेऊन जातो. शब्द बदलतो तो एवढ्याच कारणाने.

घोटीलाही याचा पडताळा येतो. नेपाळी आचारी व रात्रीचा पहारेकरी हाही परदेशीच. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही. तो महामार्गावर चायनीजच्या गाडीमागे उभा असतो, नाहीतर रिसॉर्टच्या फाटकाशी काठी आपटत रात्र जागवतो. त्याच्याशी कोणी हौसेने दोन शब्द बोलत नाही, त्याचे नाव विचारत नाही. 'बहादूर' म्हटले की झाले. तो आजारी पडला, त्याचा पगार बुडाला, त्याला मध्यरात्री खोलीबाहेर काढले, तर दाद कोणाकडे मागणार? एक परदेशी गावाच्या कौतुकाचा विषय आणि दुसरा गावाला दिसतसुद्धा नाही. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या संस्कृतीने अतिथीची ऐपत पाहून देवत्व वाटावे, यासारखा दांभिकपणा नाही.

आणि स्वदेशी परक्यांचे काय? परदेशी पाहुणा हॉटेलात वा घरात उतरला, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवण्याचे बंधन यजमानावर आहे. राज्ययंत्रणेला एकेका माणसाची नोंद ठेवता येते, याचा हा पुरावा. मग परप्रांतातून आलेल्या मजुरांची नोंद का ठेवता येऊ नये? १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. ठेकेदाराचा परवाना, कामगाराची नोंद, प्रवासभत्ता, निवारा, सारे त्यात लिहिलेले होते. अंमल किती झाला, ते २०२० च्या मे महिन्यात याच महामार्गावर साऱ्या देशाने पाहिले. मुंबई-ठाण्याहून हजारो मजूर बायकापोरांसह कसारा घाट चढून, इगतपुरी-घोटी मागे टाकीत, उत्तरेकडे पायी निघाले. त्याआधीच भारतात अडकलेल्या युरोप-अमेरिकेच्या नागरिकांना त्यांच्या सरकारांनी खास विमाने धाडून घरी नेले होते. भारताच्या नागरिकांना भारतात घरी जायला वाहन नव्हते. वाटेत किती मजूर मेले, असा प्रश्न त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत आला, तेव्हा सरकारने अशी आकडेवारी उपलब्ध नसल्याचे उत्तर दिले. तो जुना कायदाही त्याच वर्षीच्या श्रमसंहितेच्या पोटात घातला गेला.

याहून दारुण कथा या तालुक्याच्या खऱ्या भूमिपुत्रांची. इगतपुरी तालुक्यात पाऊस कोसळतो तो हजारो मिलिमीटरने. १९१६ साली पुरे झालेल्या दारणा धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या उसाच्या मळ्यांना गेले, वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळांना गेले. धरणांच्या कुशीतल्या ठाकर, महादेव कोळी व कातकरी वाड्यांवरच्या बायका मात्र चैत्र-वैशाखात हंडे घेऊन झऱ्याच्या तळाशी वाट्यांनी पाणी भरतात. जलाशयांच्या काठी रिसॉर्ट आणि धनिकांची विश्रामगृहे उठली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईची मोटार आणखी लवकर येथे पोहोचते. परदेशी माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही. पण शेतकरी असल्याचा दाखला कोठून तरी पैदा करणाऱ्या स्वदेशी धनिकाला कोण अडवतो? कातकऱ्याच्या पायाखालची झोपडीची जागासुद्धा अनेक ठिकाणी त्याच्या नावावर नाही. कोणाकडे जातीचा दाखला नाही, कोणाकडे शिधापत्रिका नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली असे शाळेत शिकवतात. २०२२ साली याच तालुक्यातील कातकरी मुले नगर भागातील मेंढपाळांकडे राबण्यासाठी दिली गेल्याचे उघड झाले, तेही एका चिमुरड्या मुलीच्या मृत्यूनंतर. एखादी मेंढी आणि थोडेसे पैसे, एवढी त्या बालपणाची किंमत होती. स्वतःच्या देशात यापेक्षा अधिक परके कसे होता येते?

यावर दोन प्रकारची उत्तरे दिली जातात आणि दोन्ही खोटी आहेत. पहिले विकासवाद्यांचे. परदेशी येतात, शहरी पाहुणे येतात, म्हणून बाजारपेठ फुलते, रोजगार मिळतो, असे ते सांगतात. रोजगार मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गावाचे पोट पाहुण्याच्या बक्षिसीवर चालते, ते गाव हळूहळू आपल्या जमिनीचा मालक राहत नाही, तिच्यावरचा नोकर होतो. काल ज्या बांधावर भात उभे होते, तेथे आज त्याच शेतकऱ्याचा मुलगा गणवेश घालून पाहुण्यांच्या बॅगा उचलतो. याला विकास म्हणायचे असेल तर गुलामीला दुसरा शब्द शोधावा लागेल.

दुसरे उत्तर भूमिपुत्रवाद्यांचे. त्यांची लाठी कोणावर पडते ते पाहावे. २००८ साली परप्रांतीयविरोधी आंदोलन पेटले, तेव्हा नाशिकच्या कारखान्यांतले उत्तर भारतीय कामगार जीव मुठीत धरून गावी पळाले. जमिनी गिळणारा धनिक, मजुरी बुडवणारा ठेकेदार यांच्या केसालाही धक्का लागला नाही. बिहारचा मजूर गेला म्हणून मोखाड्याच्या मजुराची रोजी वाढली, असे कोठे घडले? हे राजकारण भूमीच्या नावाने चालते आणि ज्यांच्या हातून भूमी गेली त्या आदिवासींविषयी अवाक्षर काढत नाही. गोऱ्या पाहुण्यासमोर ते हात जोडते व सावळ्या मजुरावर हात उगारते. अशा भित्र्या पराक्रमाशी समाजवादी कार्यकर्त्याचा काडीचाही संबंध असता कामा नये.

मार्ग वेगळा आहे आणि तो याच रस्त्यावरून गेलेला आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा घोटी ओलांडून, कसारा घाट उतरून मुंबईला पोहोचला. आदिवासी शेतकरी रक्ताळलेल्या पायांनी चालले आणि वनजमिनीच्या हक्कांचे लेखी आश्वासन घेऊनच परतले. त्यांनी कोणाही बाहेरच्याला शिव्या दिल्या नाहीत. आपली जमीन मागितली. आश्वासनांची पूर्तता अपुरी राहिली, म्हणून त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले, हा राज्यकर्त्यांचा दोष; मागणीची दिशा अचूकच होती.

तेव्हा घोटी-इगतपुरीच्या कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे. प्रत्येक कातकरी वाडीत झोपडीखालची जागा नावावर झाली की नाही, याची घरटी पाहणी करावी. जातीचे दाखले व शिधापत्रिका यांसाठी तहसील कचेरीवर धरणे धरावे. आवणीच्या हंगामात येणाऱ्या मजुरांसाठी निवारा, पाणी आणि किमान वेतन यांची हमी ग्रामपंचायतीकडून घ्यावी. महामार्गावरच्या हॉटेल कामगारांची संघटना बांधावी आणि तिच्यात नेपाळी आचाऱ्याला बरोबरीचे सभासदत्व द्यावे. जलाशयाचे पाणी मुंबईला जाण्यापूर्वी काठच्या वाडीला मिळाले पाहिजे, ही मागणी सोडू नये. आणि परदेशी साधक भेटला, तर त्याला आदराने वाडीवर न्यावे. शांतीच्या शोधात तो इतक्या दूर आला आहे, तर ती येथे कोणाच्या वाट्याला येत नाही हेही त्याने पाहावे.

जगाची वाटणी देशी आणि परदेशी अशी नाही. राबणारे आणि राबवणारे अशी आहे. घोटीच्या बाजारात ज्या दिवशी गोऱ्या पाहुण्याला, नेपाळी पहारेकऱ्याला आणि पेठच्या मजुरणीला एकाच आवाजात 'या, बसा' म्हटले जाईल, त्या दिवशी या गावात कोणी परका उरणार नाही. त्या दिवसासाठी लढायचे आहे, आणि लढा कोणाविरुद्ध आहे याची गफलत होऊ द्यायची नाही.