रेक्झिनचा पेन्सिल पाऊच, घरच्या मशीनवर

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि पहिली चाचणी येईपर्यंत निम्म्या मुलांच्या पाऊचची चेन बिघडलेली असते. वरचे चित्र शाबूत, कापडही शाबूत, पण रनर दातांवरून घसरतो आणि पेन्सिली दप्तराच्या तळाशी सापडतात. असा एखादा पाऊच फेकण्याआधी उसवून पाहा. हाताला पातळ लागणारी चेन, शिलाईला जेमतेम तीन-चार मिलिमीटरची जागा, आत लोंबणारे दोरे. स्वस्ताई कुठून आली ते तिथेच कळते. घरात शिलाई मशीन असेल तर यापेक्षा टिकाऊ पाऊच एका दुपारी होतो.

“कापडाचा ठीक आहे, पण रेक्झिनला बॅगवाल्याची मशीन लागते ना?” हा प्रश्न बहिणी हमखास विचारतात. त्यात अर्धे खरे आहे. दप्तराचे पट्टे, चार-पाच थरांचे कोपरे, रिक्षाच्या सीटचे जाड रेक्झिन हे घरच्या मशीनचे काम नव्हे. तिथे सुई तुटते, कधी मशीनची वेळ चुकते आणि मग कारागीर शोधत फिरावे लागते. पण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या रेक्झिनचे दोन थर कोणतीही नीट तेलपाणी केलेली मशीन शिवते. जुनी काळी लोखंडी मशीन तर नव्या हलक्या मशीनपेक्षा हे काम जास्त शांतपणे करते. म्हणून आजचा पाऊच असा बेतला आहे की कुठेही रेक्झिनचे दोनपेक्षा जास्त थर सुईखाली येणार नाहीत.

रेक्झिन हे नाव मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड येथील एका कंपनीच्या मालाचे. कापडावर लेप चढवून, त्यावर चामड्यासारखी नक्षी उठवून ते बनत असे. कंपनीचे नाव लोक विसरले, पण आपल्याकडे प्रत्येक नकली चामड्याला तेच नाव चिकटले. आजच्या बाजारात दोन जाती मिळतात. पीव्हीसीचा लेप जरा जड, नवेपणी वास येणारा, पण दणकट असतो. पीयूचा लेप मऊ आणि दिसायला खऱ्या चामड्याच्या जवळ जाणारा. मात्र दमट हवेत पीयू काही वर्षांत सुटू लागतो, वापरला नाही तरी. कपाटात जपून ठेवलेली पर्स बाहेर काढावी आणि तिचे पापुद्रे हातात यावेत, हा कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांचा नेहमीचा अनुभव आहे. मुलांच्या पाऊचसाठी मी पीव्हीसीच घ्यायला सांगेन. जुन्या पर्सचे रेक्झिन वापरायचे असेल तर आधी ते दुमडून घडीवर नखाने जोरात घासा. तडा गेला किंवा साल निघाली तर त्यावर दोरा खर्च करू नका.

एका पाऊचसाठी नवे रेक्झिन विकत घ्यायची गरज नाही. सोफ्याचे काम करणाऱ्याकडे कातरण पडलेले असते, मागितले तर मिळते. तुकडा लागतो २२ सेंटीमीटर रुंद आणि १८ सेंटीमीटर उंच. शिवल्यावर पाऊच साधारण २० सेंटीमीटर लांब आणि साडेनऊ सेंटीमीटर उंच होतो. नवी पेन्सिल साडेसतरा सेंटीमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ती सरळ झोपते आणि टोपी घालायलाही जागा राहते. चेन मीटरवर मिळणारी पाच नंबरची नायलॉनची घ्या, २५ सेंटीमीटर, आणि तिचा एक रनर वेगळा घ्या. तयार, दोन्ही टोके बंद असलेली चेन घेऊ नका. का, ते पुढे येते.

आता मुख्य गोष्ट. कापडात चुकलेली टीप उसवली की भोके धुण्यात बुजतात. रेक्झिनमधले भोक कायमचे. एकाच जागी दोनदा टीप मारली तर तिथे टपालाच्या तिकिटासारखी फाटायची रेघ तयार होते. त्यामुळे रेक्झिनचे खरे काम मशीनवर बसण्याआधी होते, आणि टाचण्या वापरायच्या नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा कागदाच्या क्लिपा पुरतात. खुणा मागच्या, कापडाच्या बाजूला, पेन्सिलीने करा. बॉलपेनची शाई पीव्हीसीत हळूहळू मुरते आणि काही दिवसांनी पुढच्या बाजूला उमटू शकते. कापताना मोठी कात्री लांब चालवा, छोटे छोटे घाव घालू नका. कडेला पायऱ्या पडतात आणि इथे कड उघडीच दिसणार आहे. तिचे दोरे निघत नाहीत म्हणून दुमडायची नाही. हाच रेक्झिनचा मोठा फायदा.

सुई १६ नंबरची, नवी. चामड्याची म्हणून जी धारदार टोकाची सुई मिळते ती खऱ्या चामड्यासाठी आहे. कापडावर लेप दिलेल्या पातळ रेक्झिनला ती गरजेपेक्षा मोठी चीर पाडते. दोरा पॉलिस्टरचा, वर आणि बॉबिनमध्ये दोन्हीकडे. टाका साडेतीन ते चार मिलिमीटर. बारीक टाका म्हणजे मजबूत शिलाई हा कापडाचा हिशोब इथे उलटा होतो, कारण जितकी भोके जास्त तितकी रेघ कच्ची. मशीनचा पाय रेक्झिनच्या चकचकीत बाजूला चिकटून बसतो, माल सरकत नाही आणि टाके एकमेकांवर चढतात. टेफ्लॉनचा पाय मिळाला तर उत्तम. नाहीतर बटर पेपरची पट्टी वर ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. पायावरचा दाबही थोडा सैल करा. हे सगळे आधी कातरणीवर करून पाहायचे, आणि तेही दोन थर ठेवून.

चेन लावण्यात बहुतेक जणी अडतात, कारण एक बाजू लावली की दुसरी लावताना नळकांडे तयार होते आणि ते मशीनखाली बसत नाही. मीटरची चेन इथेच उपयोगी पडते. तिच्या दोन्ही पट्ट्यांवर मधोमध पेन्सिलीची खूण करा आणि रनर न घालता पट्ट्या सुट्या करा. रेक्झिन सपाट पसरून २२ सेंटीमीटरच्या एका कडेखाली एक पट्टी आणि समोरच्या कडेखाली दुसरी ठेवा. दात बाहेरच्या दिशेला, रेक्झिनची कड दातांपासून अर्धा सेंटीमीटर दूर, आणि पट्टीवरची खूण कडेच्या मध्यावर. दोन्ही बाजूंनी चिकटणारी बारीक टेप लावून पट्टी जागेवर बसवा. ही टेप टिपेच्या रेघेत येऊ देऊ नका, नाहीतर सुईला गोंद लागून दोरा तुटत राहतो. कडेपासून तीन मिलिमीटरवर एकच टीप. सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप मारायची नाही. दोरे लांब सोडून मागे ओढा आणि गाठ मारा.

आता रनर. त्याच्या एका बाजूला दोन तोंडे असतात, दुसरीकडे एक. जेवणाच्या काट्याची मधली टोके एका तोंडाच्या बाजूने आत घालून रनर उभा धरा आणि वरच्या दोन तोंडांत चेनच्या दोन्ही पट्ट्यांची टोके एकदम सरकवा. हाताने पाच मिनिटे झगडण्यापेक्षा हे सोपे आहे. मधल्या खुणा समोरासमोर आल्या नाहीत तर रनर काढून पुन्हा घाला, त्याला भोक पडत नाही.

रनर मध्यावर आणून ठेवा. हे विसरले तर पाऊच उलटाच बंद होतो. आता तो उलटा करून अशा रीतीने सपाट करा की चेन वरच्या घडीपासून दोन सेंटीमीटर खाली येईल. चेन अगदी घडीवर ठेवली तर शिलाईत तिचे दात दुहेरी येतात आणि सुई तिथेच मोडते. एका बाजूला, चेनच्या जरा खाली, सात सेंटीमीटरची नाड्याची पट्टी दुमडून आत ठेवलीत तर चेन ओढताना धरायला कान मिळतो. लहान मुलांना तो हवाच. दोन्ही बाजू एक सेंटीमीटर आत शिवा. दातांवर आले की पायडल सोडा आणि हाताच्या चाकाने एकेक टाका घ्या. मग जादा चेन कापा, खालचे कोपरे तिरके छाटा आणि उघड्या चेनमधून पाऊच सुलटा करा. रेक्झिन आखडलेले वाटले तर दहा मिनिटे उन्हात ठेवा. इस्त्री मात्र अजिबात नको, लेप वितळतो. घडी बसवायला वरून कापड ठेवून लाटणे फिरवा.

मशीन नसेल तरी हे होते. मोची करतो तसे आरीने चार-चार मिलिमीटरवर आधी भोके पाडून, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्हीकडून शिवायचे. वेळ तिप्पट लागतो, शिलाई मशीनपेक्षा पक्की होते.

काही बहिणींच्या मनात विक्रीचा विचार येईल, म्हणून हिशोब सांगते. रेक्झिनचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. या मापाने अर्ध्या मीटरमध्ये १४ पाऊच बसतात आणि एका मीटरमध्ये ३०. तीस पाऊचला साडेसात मीटर चेन लागते. तुमच्या बाजारातला भाव यात घाला, दोरा, सुई आणि वीज धरा, आणि मग एका पाऊचला लागलेली मिनिटे घड्याळ लावून मोजा. पहिल्याला दीड-दोन तास लागतील, हात बसल्यावर अर्धा तास. ही मिनिटे किमतीत आलीच पाहिजेत. घरातल्या बाईची मजुरी शून्य धरून काढलेला भाव दुकानाशी बरोबरी करतो खरा, पण त्या बरोबरीत फायदा फक्त घेणाऱ्याचा. ठोक दुकानदाराला कार्टूनवाला पाऊच याहून स्वस्त मिळतो, त्याच्या मागे लागू नका. चित्रकलेचे लांब ब्रश मावतील असा पाऊच, शिंपीकामाच्या कात्रीसाठी म्यान, चष्म्याचे घर असे मागून करून घेण्याचे काम धरा.

मुलाच्या हाती पाऊच देताना खोडरबर त्याच्या कागदी वेष्टनातच ठेवायला सांगा. उघडे खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून दोन्ही खराब करते. पाऊच धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. आणि मशीन झाकण्यापूर्वी १६ नंबरची सुई काढून ठेवा, पायाचा दाब आणि टाका पूर्ववत करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी घाईत मलमलचा दुपट्टा त्याच सुईखाली घालेल.