पोट भरलं की मळमळलं?

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनचं कोडं सध्या एका वाक्यात उलगडून दिलं जातं: आतड्यातल्या एका पेप्टाइडची ही नक्कल, ती मेंदूला ‘पुरे’ सांगते. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी मात्र असल्या सोप्या उत्तराला फार पूर्वीच सुरुंग लावला होता.

मेंदू आणि आतडं एकच रसायन वापरतात, हे १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना दिसलं. दोन्ही अवयव घोड्याचे होते. वागणुकीचा प्रश्न आला तो १९७३ मध्ये. कोलेसिस्टोकायनिन हे तोवर पित्ताशय आकुंचित करणारं संप्रेरक म्हणून ठाऊक होतं. गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी ते भुकेल्या उंदरांना टोचलं आणि उंदीर लवकर पानावरून उठले.

पण का उठले? उंदराला ओकता येत नाही. त्यामुळे तो तृप्त आहे की त्याला कसंतरी होतंय, हे ओळखायचं कसं? १९७५ मध्ये याच गटाने उंदरांच्या जठराला नळी बसवली. गिळलेलं बाहेर वाहून जायचं आणि उंदीर खातच राहायचे. संप्रेरक टोचल्यावर ते थांबले, अंग चाटू लागले, थोडं इकडेतिकडे हुंगून आडवे झाले. जेवणानंतर उंदीर करतो अगदी तसंच. खाण्यात कडू क्विनाइन मिसळलं तेव्हाही ते थांबले, पण हा क्रम दिसला नाही. मला हा प्रयोग फार देखणा वाटतो. तरी वाद मिटला नाही. इंजेक्शनच्या वेळी चाखलेली चव उंदीर पुढे टाळतात, म्हणजे त्यांना कसंतरी होत असावं, असं डॉइच आणि हार्डी यांनी १९७७ मध्ये दाखवलं.

१९८१ मध्ये मेंदूला जोडणारी पोटातली व्हेगस नस कापली की संप्रेरकाचा परिणाम ओसरतो, हे कळलं. खरा दणका १९८४ चा. वेस्ट, फे आणि वुड्स यांनी दर जेवणाला संप्रेरक दिलं. जेवणं आटोपशीर झाली, पण उंदरांनी जेवणांची संख्या वाढवून हिशेब जवळपास पुरा केला! औषधवाल्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावायला हवा होता.

सेमाग्लुटाइड ज्याची नक्कल करतं ते आतड्यातलं मूळ पेप्टाइड, जीएलपी-१, रक्तात काही मिनिटंच टिकतं. सेमाग्लुटाइडचा अर्धायुकाल आठवड्याचा. दोन जेवणांच्या मधली पळवाट त्याने बरीचशी बुजवली. मळमळ मात्र राहिलीच. २०२४ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या मागच्या भागात जीएलपी-१ ला प्रतिसाद देणाऱ्या तृप्तीच्या आणि किळसेच्या पेशी वेगळ्या ओळखता आल्या. तृप्तीच्या पेशी चेतवल्यावर उंदरांनी खाणं कमी केलं, पण चव टाळली नाही. एवढी नेमकी निवड आजच्या इंजेक्शनला करता येत नाही.