सर, तुम्ही कुणाकडे शिकलात?

आमच्या वस्तीतल्या हॉलमध्ये आयकिदोचा क्लास सुरू झाला, तेव्हा घरोघर फिरून मुली पाठवणाऱ्या आम्हीच होतो. सरांच्या कमरेला ब्लॅक बेल्ट होता, भिंतीवर संस्थापक मोरिहेई उएशिबा यांचा फोटो होता. तेवढ्यावर आमचे समाधान झाले. दवाखान्यात साधे इंजेक्शन घेतानाही चार प्रश्न विचारणाऱ्या आम्ही इथे एकही प्रश्न विचारला नाही.

एक दिवस सरावात एका मुलीचे डोके मागे आपटले. तिला पाणी पाजले, जरा वेळ बसवले आणि पुन्हा मॅटवर उभे केले. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. सीटी स्कॅनमध्ये सुदैवाने काही निघाले नाही. मग आम्ही चौकशी केली. सरांचा ब्लॅक बेल्ट कराटेचा होता. आयकिदो ते काही शिबिरांत शिकले होते.

कराटेतून आयकिदोत येणे हा दोष नाही. खुद्द उएशिबा १९१५ पासून सोकाकू ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्यू शिकले आणि त्यातूनच पुढे आयकिदो घडले. त्यांचे शिष्य केंजी तोमिकी मूळचे ज्युदोतले. मिनोरू मोचिझुकी यांना तर ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनीच १९३० मध्ये उएशिबांकडे पाठवले. दोन विद्या येणे ही जमेची बाजू आहे. पण एका विद्येचा पट्टा बांधून दुसरी शिकवायची आणि ते पालकांना सांगायचे नाही, हे आम्हाला मान्य नाही.

कारण प्रश्न पडण्याचा आहे. आयकिदोत आधी ‘उकेमी’, म्हणजे इजा न होता पडायला शिकवतात. ‘शिहोनागे’सारख्या डावात माणूस मागे पडतो. हनुवटी छातीकडे ओढलेली नसेल तर डोक्याची मागची बाजू थेट जमिनीवर आदळते. कराटेचा भर ठोसा आणि लाथेवर असतो, त्यामुळे तिथल्या ब्लॅक बेल्टवाल्याला उकेमी शिकवता येईलच असे नाही. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीस वर्षांत शाळांतल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत डोक्याला मार लागलेली आणि नुकतीच शिकू लागलेली मुले बरीच होती. फ्रान्सने १९५५ मध्येच ज्युदो शिकवण्याच्या व्यवसायासाठी कायदा केला. आपल्याकडे नर्सची नोंद नर्सिंग कौन्सिलकडे असते. मार्शल आर्ट शिकवणाऱ्यांची अशी नोंद ठेवणारे कौन्सिल नाही. म्हणून चौकशी आपणच करायची.

पालकांनो, तीन गोष्टी विचारा. कुणाकडे आणि किती वर्षे शिकलात? परीक्षा कुणी घेतली? आयकिकाई संस्थेचा दान असेल तर टोकियोच्या होम्बू दोजोचे प्रमाणपत्र असते, ते बघायला मागा. इतर शाखांची प्रमाणपत्रे वेगळी असतात, तीही चालतील. आणि हे लक्षात ठेवा की पहिल्या दानाला ‘शोदान’ म्हणतात आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थ सुरुवात असा आहे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: मुलाचे डोके आपटले तर तुम्ही काय करता?

उत्तर एकच असावे. त्या दिवशीचा सराव बंद, घरी फोन आणि डॉक्टरांकडे तपासणी. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आम्ही क्लास बंद पाडला नाही. मुलींना त्याची गरज आहे. सरांनी स्वतःहून एका अनुभवी आयकिदो शिक्षिकेला बोलावले आणि आता ते स्वतः तिच्याकडे उकेमी शिकतात. दोघांचे शिक्षण कुठे, किती झाले, ते हॉलच्या दारावर लिहिले आहे. विचारल्याने सरांचा मान कमी झाला नाही, उलट क्लासमधल्या मुली वाढल्या.