ताट त्यांचं, निवाडा आमचा

१७ सप्टेंबर २०२५ रोजी मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातल्या भैंसोला गावी पंतप्रधानांच्या हस्ते आठव्या राष्ट्रीय पोषण महिन्याचं उद्घाटन झालं. लठ्ठपणाला आवर घाला, साखर, मीठ आणि तेल कमी करा, हा त्या महिन्याचा एक प्रमुख विषय होता. सल्ला रास्त होता. पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. बिस्किटं, चॉकलेट आणि आइस्क्रीम यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शेव-भुजियाच्या पाकिटांवरचा १२ वरून ५ वर. गोड शीतपेयांवर ४० टक्के ठेवले, तेवढं श्रेय सरकारला दिलंच पाहिजे. पण एका आठवड्यात लोकांना पाकीट खाऊ नका म्हणायचं आणि त्याच आठवड्यात पाकीट स्वस्त करायचं, या दोन गोष्टी एका राज्यकारभारात बसल्या. आणि कर उतरला म्हणून आपण, शिकलेल्या लोकांनी, आनंदच केला.

सरकारवर खापर फोडून मोकळं होण्यासाठी हे लिहीत नाही. सरकारने जे केलं ते आपल्या मनात आधीच होतं.

भैंसोला जिल्ह्याच्या उत्तरेला, बदनावर तालुक्यात. मला बोलायचंय ते त्याच जिल्ह्यातल्या कुक्षीबद्दल. कुक्षी नैर्ऋत्येला, धारहून शंभरेक किलोमीटरवर, निमाडात. पवारांच्या धार संस्थानातला हा एक परगणा. भोवतालची वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. त्यांचं जेवण म्हणजे मक्याची आणि ज्वारीची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, ताकात शिजवलेली राबडी, आणि सणाला पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले पानिये. कोदरा, बट्टी, भादी ही धान्यं डोंगरउतारावर पिकायची. दाराशी कोंबड्या असायच्या. या जेवणात तेल अगदी थोडं आणि साखर जवळजवळ नाही. आज राष्ट्रीय पोषण संस्था लोकांना जे खायला सांगते, त्याच्या कितीतरी जवळचं हे ताट होतं. त्यात उणीव होती ती पुरेसेपणाची. चांगलं खायचं कसं, हे या लोकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पोटभर मिळण्याची गरज होती.

आपण त्यांना काय दिलं? आधी लाज दिली. ज्वारी-मक्याची भाकरी गरिबाची, गव्हाची पोळी सभ्य माणसाची, हा भेद मालवा-निमाडच्या शहरांनी शिकवला, आणि त्यात आपण इथली मराठी घरं मागे नव्हतो. पाहुणा आला की गव्हाच्या पुऱ्या, शेव, जिलेबी. भाकरी मोलकरणीच्या ताटात. ज्या आदिवासी मुलाने हे पाहिलं, त्याने आईची राबडी शाळेतल्या मित्रांपासून लपवली. मग भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, दिल्लीत त्याला ‘श्रीअन्न’ असं नाव मिळालं, आणि तीच धान्यं शहरातल्या दुकानांत रंगीत डब्यांतून महाग झाली. ज्यांना त्या भाकरीपायी हिणवलं, त्यांची क्षमा मात्र कुणी मागितली नाही.

लाजेनंतर आलं राशन. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. म्हणजे भरडधान्य देण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून कायद्यात आहे. दुकानातून घरी पोचलं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. भुकेच्या वेळी या धान्याने माणसं जगवली, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण सरकारने जे विकत घेतलं ते शेतकऱ्याने पेरलं, आणि जे स्वस्तात मिळालं ते लोकांनी खाल्लं. वर मालव्याच्या काळ्या मातीत ज्वारीला हटवत सोयाबीन पसरलं. त्याचं तेल शहरात गेलं, आणि पेंड, म्हणजे त्यातली सगळी प्रथिनं, वर्षानुवर्षं जहाजांत भरून आग्नेय आशियात कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेली. इतकं होऊनही देश आपल्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात करतो, त्यात मोठा वाटा पामतेलाचा. तेच स्वस्त पामतेल पाच-दहा रुपयांच्या पाकिटात बसून कुक्षीच्या हाटात आणि शाळेच्या फाटकाशी पोचतं.

शाळेच्या फाटकाशी ते पोचायलाच नको होतं. जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली केला आहे. आपल्या पोराच्या शाळेबाहेरचं अंतर आपल्यापैकी किती जणांनी पावलांनी मोजून पाहिलं? पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा छापण्याचीही तीच गत. चिलीने २०१६ पासून अशा पदार्थांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ साली मसुदा निघाला, आणि तोही इशाऱ्याचा नव्हता, चांदण्या देण्याचा होता. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घालून दिली. ते वर्षही सक्तीच्या शिक्क्याविना सरलं. जी आई वाचू शकत नाही, तिला काळा शिक्का कळला असता. पाकिटामागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला तक्ता कळत नाही.

आता काही लोक म्हणतील, कुपोषित मुलांच्या मुलखात मधुमेहाची काळजी कसली? मध्य प्रदेशात पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी जवळपास ३६ मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, असं पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. पण हे दोन आजार एकाच घरातले आहेत, आणि ते दाखवून दिलं पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने ही बाळं सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. स्नायू आणि अवयव खुरटलेले, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. असं बाळ मोठेपणी थोडं जरी सुटलं, तरी मधुमेहाला जवळ करतं. ज्या माता पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अधिक भरलेली होती. आज देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या कित्येकांचा आजार आईच्या रिकाम्या ताटात सुरू झाला. म्हणून कुक्षीच्या उपाशी मुलाच्या हाती प्रथिनाऐवजी पाकीट देणं हा दुहेरी अपराध आहे: आजची भूक भागत नाही, आणि उद्याचा रोग पेरला जातो.

प्रथिनाचं नाव काढलं की अंड्यावर यावंच लागतं, आणि तिथे आपला सगळा सोज्वळपणा उघडा पडतो. २०१५ साली कुक्षीच्या शेजारच्या अलीराजपूरसह तीन जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव होता. मध्य प्रदेशच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी तो फेटाळला. पुढे मधल्या काळात आलेल्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारने अंड्याची भाषा पुन्हा काढली, आणि २०२० मध्ये अंड्याऐवजी दूध, असा निर्णय आला. ज्या मुलांच्या घरी अंडं खातात, ज्यांच्या अंगणातल्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, त्या मुलांनी अंगणवाडीत अंडं खायचं नाही, कारण न खाणाऱ्यांच्या भावना दुखावतात! महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. तिथे २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेतल्या आहारात आठवड्याला एक अंडं आलं, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा पैसा काढून घेतला. हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. फुले, आगरकर, गाडगेबाबा यांचं नाव घेणाऱ्या राज्यात पोराच्या अंड्यासाठी वर्गणी काढायची वेळ आली. ज्याला अंडं नको त्याला केळं द्या, दूध द्या. त्याच्या श्रद्धेला कुणी हात लावत नाही. पण आपल्या सोवळ्यापायी दुसऱ्याच्या मुलाची हाडं कोवळी ठेवायचा हक्क कोणत्या धर्माने आपल्याला दिला? जातीचा अहंकार पूर्वी विहिरीवर उभा होता, आता तो अंगणवाडीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आहे. फरक एवढाच की, आता त्याला संस्कृती म्हणतात.

मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि सांगितलं की देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे आहे. हा आकडा वाचून आपण आपापली वजनं केली, सकाळी फिरायला निघालो, घरातलं तेल बदललं. कुक्षीकडून गुजरातेत मजुरीला गेलेल्या बाईला मुक्कामावर काय शिजवायला मिळतं, हा प्रश्न त्या आकड्यातून आपल्या मनात उठला नाही. आहाराचा रोग हा ज्याच्या-त्याच्या जिभेचा दोष, असं मानणं आपल्याला सोयीचं आहे. धान्य कोणतं विकत घ्यायचं, कर कशावर उतरवायचा, अंगणवाडीत काय वाढायचं, हे ठरवताना कुक्षीच्या आईला कुणी विचारलं नाही. ठरवणारे, ठरवणाऱ्यांना निवडून देणारे आणि त्यांच्याकडे बोलण्याइतकी ओळख असणारे आपण आहोत.

धार, देवास, इंदूरच्या मराठी मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या गणेशोत्सवाच्या पंगतीत ज्वारीची आणि मक्याची भाकरी मानाने वाढा, ताटाच्या मध्यभागी. शाळेच्या पालकसभेत उभे राहा आणि ५० मीटरचा नियम मुख्याध्यापकांना वाचून दाखवा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा की कायद्यातलं भरडधान्य राशनच्या दुकानात कधी येणार. आणि तुमच्या घरी अंडं शिजत नसेल, तर तुम्हीच पुढे होऊन आमदाराला सांगा की कुक्षीच्या अंगणवाडीत ते शिजलं पाहिजे. तुमच्या तोंडून आलेली ही मागणी त्याला टाळता येणार नाही.